हिरवट

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सात नंबरची बाटली बाद झाली.

परदेशी बिअर आणून विकणाऱ्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर चव-दालन आहे. तिथे सात जण सात खुर्च्यांवर बसले होते. प्रत्येकासमोर बारा छोटे पेले, प्रत्येक पेल्याखाली नंबराची चिठ्ठी, शेजारी पाणी आणि बिनमिठाचं बिस्किट. कुठल्या पेल्यात कुठल्या देशाची बिअर आहे हे फक्त पेले भरणाऱ्या बाईंना माहीत होतं. त्यांना ऑफिसात सगळे टेबलताई म्हणतात. सात जणांनी वास घेतले, घोट घेतले, कागद भरले. टेबलताईंनी कागद गोळा केले आणि सात नंबरच्या रकान्यावर लाल रेघ ओढली. नियम जुना आणि एका ओळीचा आहे: नव्या बाटलीला दहापैकी पाचाच्या खाली एकाचाही गुण गेला, तर ती बाद. सात नंबरला सहा जणांनी सात ते नऊच्या दरम्यान गुण दिले होते. एकाने तीन दिले होते.

तीन देणारे गृहस्थ चवप्रमुख होते. एकोणीस वर्षं त्या खुर्चीवर. पाठीमागे त्यांना नाकसाहेब म्हणतात आणि हे त्यांना ठाऊक आहे, अशी ऑफिसात समजूत आहे.

कंपनी दर वर्षी बारा बाटल्यांची एक पेटी काढते. अकरा बाटल्या अकरा देशांच्या: बेल्जियमची काळपट, गोडसर; जर्मनीची गव्हाची, ढगाळ; जपानची तांदूळ घातलेली, हलकी; आणि अशाच बाकीच्या. बारावी जागा गावातल्या बिअरची. त्या जागेवर वर्षानुवर्षं एकच बाटली होती. तो कारखाना गेल्या वर्षी बंद पडला आणि जागा रिकामी झाली. पेटीतली बाटली चारशे दुकानांत पोचते. पेटीबाहेरची स्वतःच्या गल्लीत आणि फार तर शेजारच्या.

सात नंबरची बाटली अशा शेजारच्या गल्लीपर्यंतच पोचलेली होती. ती एक नणंद आणि तिची भावजय मिळून बनवत. जागा म्हणजे बंद पडलेली एक लॉन्ड्री. भिंतीवर अजून कपड्यांचे हुक होते आणि त्यांना आता रबरी नळ्या टांगलेल्या असत. बिअर शिजवणं, यीस्ट जिवंत ठेवणं आणि ते कधी आळसावलंय, कधी माजलंय हे ओळखणं नणंदेकडे. बाटल्या, स्वच्छता, परवाने आणि लोकांशी भांडणं वहिनीकडे. वहिनी त्याआधी अकरा वर्षं एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये होती. तिथून एक सवय तिने सोबत आणली होती: उजेडावर तिचा विश्वास नव्हता. तिच्या बाटल्या गडद तपकिरी काचेच्या, वरून काळा कागद गुंडाळलेल्या, आणि खोकी खिडकी नसलेल्या खोलीत.

नणंदेला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्याने बोलावलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिने घरात काहीच झाकून ठेवलं नव्हतं. पेटीत जागा मिळाली तर राहीन, नाही मिळाली तर जाईन, असं सगळ्यांसमोर जेवताना सांगितलं होतं. ती गेली तर लॉन्ड्रीत पुन्हा कुलूप लागणार हेही सगळ्यांना माहीत होतं. यीस्ट सांभाळणं वहिनीला जमत नव्हतं. दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा पिंप ओतून द्यावं लागलं होतं.

दुपारी तीन वाजता कंपनीचा माणूस लिफाफा देऊन गेला. आत सातही कागदांच्या प्रती होत्या. नावं नव्हती, खुर्चीचे नंबर होते; पण सातवी खुर्ची एकोणीस वर्षं चवप्रमुखांचीच, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी पिंपावर बसून मोठ्याने वाचू लागली. नणंद नळ्या धूत होती.

"खुर्ची एक. स्वच्छ. कडूपणा बेताचा. पुन्हा प्यावीशी वाटते. आठ."

"पुढे."

"खुर्ची तीन. भाजलेल्या धान्याचा खमंगपणा शेवटपर्यंत टिकतो. नऊ."

"नऊ? नातेवाईक असेल कुणी आपला."

"आपला नातेवाईक असता तर चार दिले असते." वहिनीने कागद उलटला. "खुर्ची सात. हिरवटपणा नाही. उत्तम परदेशी बिअरला जो असतो तो औषधालाही नाही. अपुरी. तीन."

नणंदेने नळ बंद केला. "काय नाही?"

"हिरवटपणा."

"अगं, हिरवी म्हणजे कच्ची! पिंपातून लवकर काढली की हिरवी लागते. कच्ची नाही म्हणून गुण कापले? हे म्हणजे मुलगी शहाणी आहे म्हणून स्थळ नाकारल्यासारखं झालं."

"तुझ्या बाबतीत तसंच झालं होतं ना?"

"माझ्या बाबतीत मी नाकारलं होतं. विषय बदलू नकोस."

वहिनीने गुणपत्रिका दिव्याखाली धरली. कागदावर दोन याद्या छापलेल्या होत्या. डावीकडे गुण: स्वच्छ, खमंग, फुलांचा, हिरवट. उजवीकडे दोष: आंबूस, शिळपट, कुबट, लोखंडी. हिरवट हा शब्द गुणांच्या यादीत, चांगल्या जाड टाइपात होता. म्हणजे तो एका माणसाच्या तिरसटपणातून आलेला नव्हता. ती कंपनीची मोजपट्टी होती.

"आपल्याला कळलं पाहिजे हे काय आहे ते," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी सहा वाजता वहिनीचा नवरा, म्हणजे नणंदेचा दादा, कंपनीची गेल्या वर्षीची पेटी घेऊन आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कोपऱ्यावरच्या दुकानात काचेच्या उजळ कपाटात उभी केलेली शेवटची पेटी त्याला मिळाली होती. बारावी बाटली दुकानदाराने आधीच कुणाला तरी देऊन टाकली होती. उरलेल्या अकरा तिघांनी टेबलावर ओळीने मांडल्या. सहा तपकिरी, चार हिरव्या, एक पांढऱ्या काचेची.

प्रत्येकीचे दोन-दोन घोट घेत, मध्ये पाण्याने चूळ भरत, तिघं दीड तास बसले. बेल्जियमच्या बाटलीला मनुकांचा वास होता आणि तिला कुणीच नावं ठेवली नाहीत. गव्हाच्या बिअरमध्ये दादाला केळं सापडलं आणि आपल्याला केळं सापडलं याचाच त्याला इतका आनंद झाला की तो पुढच्या दोन बाटल्यांतही केळंच शोधत राहिला. जपानी बिअर त्याच्या मते फारच सभ्य होती.

"सभ्य म्हणजे?"

"म्हणजे घरात येऊन गेली तरी कळलं नाही."

मग उत्तरेकडच्या एका थंड देशातली हिरवी बाटली उघडली. नणंदेने नाक पेल्याजवळ नेलं आणि मागे घेतलं. दादानेही वास घेतला.

"रबर," तो म्हणाला. "लिफ्टची मोटर अडकून तापली की पट्ट्याला हाच वास येतो."

"रबर आणि कच्चा लसूण," नणंद म्हणाली.

दुसरी हिरवी, तिसरी, चौथी. देश वेगळे, कडूपणा वेगळा, पण वरचा वास तोच. पांढऱ्या काचेच्या बाटलीत तर तो दार उघडून अंगावरच आला. तपकिरी बाटल्यांत तो कुठेच नव्हता.

वहिनीने पाचही पेले बाजूला काढले आणि बाटल्या दिव्यासमोर धरून पाहिल्या.

"हिला उजेड लागलाय," ती म्हणाली.

नणंद खुर्चीवरून उठलीच. बिअरला कडूपणा हॉप्सच्या फुलांमुळे येतो; अशा बिअरवर ऊन पडलं, किंवा दुकानातला पांढरा उजेड बराच वेळ पडला, की बाटलीत एक उग्र वास तयार होतो. तपकिरी काच उजेड बराचसा अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी मुळीच नाही. नणंदेने हे पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण तो वास तिने कधी घेतला नव्हता. वहिनीने लॉन्ड्रीत त्याला कधी शिरूच दिलं नव्हतं.

"म्हणजे दूरदेशाहून आली, वाटेत उजेड खाऊन बिघडली," दादा सावकाश म्हणाला, "आणि त्या सद्गृहस्थांना वाटतंय हीच तिची खरी चव?"

"एकोणीस वर्षं," नणंद म्हणाली आणि हसत सुटली. हसू थांबल्यावर तिने वहिनीकडे पाहिलं. "वहिनी, तुझ्या काळ्या कागदाने घात केला बघ. चार बाटल्या गच्चीवर विसरली असतीस तर आज आपण पेटीत असतो."

वहिनी हसली नाही.

नियमाप्रमाणे बाद झालेल्या बाटलीला आठवड्याच्या आत एकदा फेरचाचणी मागता येते. नमुने नव्याने द्यायचे असतात. बुधवारी सकाळी नणंदेने भंगारवाल्याकडून दोन डझन हिरव्या बाटल्या आणल्या, उकळून घेतल्या, त्याच पिंपातली बिअर त्यांत भरली, बुचं दाबली आणि अकरा वाजता बाटल्या गच्चीवर मांडल्या. वहिनी परवान्याच्या कामाला बाहेर गेली होती. एक वाजता ती परतली तेव्हा नणंद बाटल्या खाली आणत होती.

"हे काय?"

"परीक्षेचा पेपर."

वहिनीने एक बाटली उघडली. वास बरोबर आला होता. आदल्या संध्याकाळच्या हिरव्या बाटल्यांशेजारी ठेवली असती तर ती त्यांच्यातलीच वाटली असती.

एरवी वहिनी नणंदेला अगं-तुगं करते. घरात भांडण जुंपलं की मात्र तिच्या तोंडी 'वन्सं' आणि 'तुम्ही' येतं. दादा त्या दोन शब्दांवरून हवामान ओळखतो.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही आपली बिअर बिघडवलीत."

"बिघडवली नाही. गिऱ्हाइकाला हवी तशी केली."

"तो गिऱ्हाईक नाही, तो परीक्षक आहे. बाकीच्या सहांना आपली होती तशी आवडली."

"सहांचं मत कुणी विचारतंय का? नियम काय आहे? एकाचा गुण घसरला की बाद. तो एक हा आहे." नणंदेने बाटली वर धरली. "त्याला ही हवीय. देऊन टाकू."

"आणि नंतर? ही पेटीत गेली की चारशे दुकानांत हीच जाणार. दर पिंपाला तुम्ही गच्चीवर वाळवण घालणार? ढगाळ दिवशी काय करणार?"

"नंतरचं नंतर बघू. आधी आत तर जाऊ."

"आत कोण जाणार? आपण नाही, ही जाणार."

नणंदेने बाटली टेबलावर ठेवली. जरा जोरातच. "परवा पाच वाजता मला उत्तर द्यायचंय. वहिनी, एक सांग मला. तुला मी हवीय की तुझा अंधार?"

दादा दारात उभा होता. त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तो चपला घालून लिफ्ट बघायला निघून गेला. त्या दिवशी त्याला कुठल्याही लिफ्टचा फोन आलेला नव्हता.

संध्याकाळी नणंद एवढंच म्हणाली, "ठरव तू. मी पिंप धुते."

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता वहिनी दोन खोकी घेऊन कंपनीत गेली. एकात तपकिरी बाटल्या होत्या, एकात हिरव्या. टेबलताईंनी फेरचाचणीचा फॉर्म पुढे केला.

"मला आधी चवप्रमुखांना भेटायचंय."

"भेटता येत नाही. नमुना देणाऱ्याने चव घेणाऱ्याला चाचणीआधी भेटायचं नाही. त्यांचाच नियम."

"मला गुण नकोत. एका शब्दाचा अर्थ विचारायचाय."

"कुठल्या शब्दाचा?" हा आवाज मागून आला. नाकसाहेब चष्मा पुसत जिन्यावरून वर येत होते. उंच, किडकिडीत गृहस्थ. नाक अगदी साधं, चारचौघांसारखं.

"हिरवट," वहिनी म्हणाली.

ते थांबले. "तो माझा शब्द आहे. मी या नोकरीत आलो तेव्हा गुणपत्रिकेवर सगळे परदेशी शब्द होते, कुणाला धड उच्चारता यायचे नाहीत. मी बसून एकेकाला आपला शब्द शोधला. या एकाला मूळ शब्दच नव्हता. वास होता, नाव नव्हतं. तो कितीतरी नामांकित बाटल्यांत यायचा आणि आपल्याकडच्या बिअरमध्ये कधीच नाही. बाटल्या हिरव्या, म्हणून हिरवट." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही सात नंबर ना? वाईट नव्हती. पण ते नव्हतं तिच्यात."

"तीन पेले लावू का? त्यात दोन सारखे, एक वेगळा. तुम्ही वेगळा ओळखायचा."

टेबलताईंनी साहेबांकडे पाहिलं. हा त्यांचा नेहमीचा व्यायाम होता. नवीन माणूस पॅनलवर घेताना ते हीच परीक्षा घेत आणि स्वतःही आठवड्यातून एकदा देत. साहेबांनी मान डोलावली.

रंग दिसू नये म्हणून पेले निळ्या काचेचे घेतले. टेबलताईंनी आणि वहिनीने पडद्याआड ते भरले. नाकसाहेबांनी तिन्ही हुंगले, मधला हातात घेऊन एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"मधला वेगळा. आणि हा..." त्यांनी पुन्हा घोट घेतला. "ही बिअर आहे. ही तुमचीच? मंगळवारी ही का नाही दिलीत?"

"हिला किती द्याल?"

"आठ. साडेआठ म्हणा."

"तिन्ही पेले एकाच पिंपातले आहेत, साहेब. मधला काल दोन तास गच्चीवर उन्हात होता. हिरव्या बाटलीत."

टेबलताई चिठ्ठ्या नीट करू लागल्या. त्या आधीच नीट होत्या.

"तुम्ही मला वास शिकवायला आलात?" नाकसाहेब शेवटी म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाही. नाक तुमचं बिनचूक आहे. तिनांतला एक पहिल्या फटक्यात काढलात. फक्त नाव चुकलंय. तो उन्हाचा वास आहे."

"फेरचाचणीला कोणती देणार आहात?"

"तपकिरी."

"मी आत्ताच तुमच्या तोंडावर सांगितलं की हिरवीला साडेआठ देईन."

"ऐकलं मी."

"आणि तपकिरीला पुन्हा तीन दिले तर?"

"तर तीन," वहिनी म्हणाली. तिने फॉर्मवर सही केली, तपकिरी खोकं टेबलताईंकडे सरकवलं आणि हिरवं उचलून बाजूला, स्वतःच्या पायाशी ठेवलं.

नाकसाहेब खिडकीशी गेले. खाली, रस्त्यापलीकडे कंपनीच्या दुकानाची दर्शनी काच होती. तिच्यामागे पायऱ्या-पायऱ्यांच्या फळीवर जगभरच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. दक्षिणेची खिडकी, दिवसभर ऊन. त्यांनी बराच वेळ खाली पाहिलं.

"टेबलताई, मंगळवारी ज्याला मी नऊ दिले, त्या चार नंबरची बाटली कुठून आणलीत?"

"नेहमीच्या जागेवरून."

"नेहमीची जागा कुठली?"

"शोकेस, साहेब." टेबलताईंना प्रश्नाचा रोख कळला नव्हता. "सगळे नमुने शोकेसमधूनच घेतो. तुम्हीच सांगितलं होतं मी नवीन होते तेव्हा. एका बाटलीसाठी गोदामातलं बंद खोकं कशाला फोडता, समोर मांडलेल्या आहेतच की, असं."

"मी म्हणालो होतो?"

"हो. मी वहीत लिहून ठेवलंय. पहिल्याच दिवशीची सूचना म्हणून."

त्यांनी वही मागितली नाही. "गोदामातून चार नंबरचं बंद खोकं आणा. येताना वरून कापड टाकून आणा."

खोकं यायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात नाकसाहेब आणि वहिनी समोरासमोर बसून होते. एकदा त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कसं सुचलं?" वहिनीने डार्करूमचं सांगितलं. लाल दिव्याखाली अकरा वर्षं, आणि दार उघडून उजेड आत सोडणाऱ्या माणसांना दिलेल्या शिव्या. ते पहिल्यांदा किंचित हसले.

खोकं आलं. पडदे ओढून एक बाटली काढली, बर्फात गार केली, निळ्या पेल्यात ओतली. नाकसाहेबांनी वास घेतला. भुवया जवळ आल्या. घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. पुन्हा एकदा तसंच केलं. हीच त्यांची आवडती बाटली होती. दर वर्षी तिला नऊ गुण देत आले होते.

"ही मी कधी प्यायलोच नाही," ते म्हणाले.

"कशी आहे?" टेबलताईंनी विचारलं.

"स्वच्छ आहे. फुलांचा वास आहे, जरा गवताचा. सगळं आहे." मग पेला खाली ठेवत म्हणाले, "मला आवडली नाही. खोटं कशाला सांगू? मी अजून तिच्यात ते शोधतोय."

त्यांनी खिशातून पेन काढलं. टेबलावर कोऱ्या गुणपत्रिकांचा गठ्ठा होता. वरच्या कागदावर डावीकडच्या यादीतला 'हिरवट' त्यांनी खोडला आणि उजवीकडे, लोखंडीच्या खाली, तोच शब्द हाताने लिहिला. अक्षर सुवाच्य होतं. टेबलताईंना सांगितलं की हा नवा नमुना, उद्यापर्यंत छापून घ्या. फेरचाचणी उद्या दुपारी तीन वाजता, सगळे नमुने बंद खोक्यांतले, झाकून आणलेले.

"साहेब, तुम्हाला आता सगळं माहीत झालंय," टेबलताई म्हणाल्या. "तुमच्या जागी दुसरं कुणी?"

"सात खुर्च्या भरल्याशिवाय चाचणी होत नाही. बारा पेल्यांत यांचा कुठला ते मला कळणार नाही. आणि जो नावडेल त्याला मी आवडला म्हणणार नाही." ते वहिनीकडे वळले. "शब्द कागदावर हलवला. जीभ हलवायला किती दिवस लागतात मला माहीत नाही. एवढं स्पष्ट सांगून ठेवतो."

"चालेल," वहिनी म्हणाली. मग हिरवं खोकं उचललं आणि जिना उतरली.

तिने घरी येऊन सगळं क्रमाने सांगितलं. नणंदेने मध्ये एकदाही तोडलं नाही, जे सहसा होत नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "म्हणजे हमखास पास होणारी बाटली परत घेऊन आलीस."

"हो."

"बरं," नणंद म्हणाली आणि यीस्टच्या बरण्या पाहायला गेली.

शुक्रवारी दुपारी तीनला फेरचाचणी सुरू झाली. भरलेला कागद आला की तो लगेच दालनाबाहेरच्या फळ्यावर लावायचा, असा फेरचाचणीचा नियम आहे. त्यामुळे नमुना देणाऱ्यांना बाहेरच्या बाकावर बसता येतं. बाकावर वहिनी, नणंद आणि दादा होते. या इमारतीच्या लिफ्टचा आवाज बरोबर नाही, असं दादा दर पाच मिनिटांनी सांगत होता.

पहिला कागद तीन पस्तीसला लागला. त्यांची बाटली या वेळी नऊ नंबरला होती, असं टेबलताईंनी फळ्यावर खडूने लिहिलं. आठ गुण. मग आठ, नऊ, सात. चार वाजून पाच मिनिटांनी पाचवा: नऊ, आणि शेऱ्यात 'मंगळवारची सात नंबर हीच का?' सव्वाचारला सहावा: आठ.

मंगळवारी चार नंबर असलेल्या हिरव्या बाटलीला, बंद खोक्यातून आलेल्या, या वेळी चौघांनी मंगळवारपेक्षा जास्त गुण दिले होते. खुर्ची तीनने लिहिलं होतं, 'ही नवीन आहे का? कुठली आहे?'

चार पंचवीसला नणंदेचा फोन वाजला. ती उठून जिन्याशी गेली, पण आवाज बाकापर्यंत येत होता. "हो, आठवण आहे मला. पाचपर्यंत वेळ दिलाय ना तुम्ही? मग पाचला कळवते. नाही, आत्ता नाही. पाचला."

ती परत येऊन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "हिरव्या उरल्या होत्या ना, त्या सकाळी मोरीत ओतल्या. बाटल्या भंगारवाल्याला परत दिल्या. त्याला वाटलं मला वेड लागलंय. परवा घेतल्या, आज परत."

"सगळ्या ओतल्या?"

"एक ठेवलीय. तुझ्या नवऱ्याला दाखवायला, रबराचा वास कसा येतो तो."

"मला माहीत आहे कसा येतो," दादा म्हणाला.

"आणि नवीन पिंप लावलं," नणंद पुढे म्हणाली. "सकाळी सहाला. यीस्ट छान चढलंय."

वहिनी तिच्याकडे वळली. "अगं, ते तयार व्हायला तीन आठवडे लागतील. तू जाणार असलीस तर त्याला बघणार कोण?"

"तेच मी यीस्टला विचारलं. ते काही बोललं नाही. फेस काढत बसलंय."

वहिनीने तिचा हात हातात घेतला नाही; त्या दोघींत तशी पद्धत नाही. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढे केली. नणंद अर्धी बाटली एका दमात प्यायली.

चार वाजून अडतीस मिनिटांनी टेबलताई रिकामा जग घेऊन बाहेर आल्या. तिघं एकदम उभे राहिले.

"काही नाही झालं अजून," त्या म्हणाल्या. "अकरा पेल्यांचे गुण लिहून झालेत. नऊ नंबर उरलाय. दुसऱ्यांदा मागवला, आता तिसऱ्यांदा. आकडा लिहिला होता एकदा. खोडला."

"पाचाच्या वर की खाली?" दादाने विचारलं.

"ते मी सांगायचं नसतं." त्यांनी जग भरून घेतला. आत जाताना दारात थांबल्या. "पण एक सांगते. एवढा वेळ ते कुठल्याच पेल्यापाशी थांबत नाहीत. आवडलं नाही तर एका घोटात संपतं त्यांचं."

दार बंद झालं. नणंदेने फोन मांडीवर पालथा ठेवला.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी फळ्यावर सहा कागद होते. सर्वांत कमी गुण सात. सातव्या खुर्चीचा कागद अजून आतच होता.